डोकी जास्त, नळ जास्त

चंपाषष्ठीच्या सकाळी नरसिंहराव छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पाऊस नव्हता, ऊन अजून यायचं होतं. छत्रीच्या टोकानं धुळीत रेघ ओढत ते पिठाच्या गिरणीपासून निघाले ते थेट आपल्या फाटकासमोर आले. मागून येणारी जटका थांबली. जटकेवाल्यानं घंटा वाजवली, मग मेंबरांना ओळखलं आणि घोडा मुकाट्यानं बाजूला घेतला.

कट्ट्यावर कॉफीचा लोटा घेऊन बसलेला बिंदुमाधव हे सगळं मन लावून बघत होता. नरसिंहरावांचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, पण त्याच्या खोड्यांना ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

"अण्णा, स्वल्प डावीकडं घ्या," तो म्हणाला. "नाहीतर आपली पायरी त्यांच्याकडं जाईल."

"थट्टा सुचतीय तुला." नरसिंहरावांनी छत्री जमिनीत रोवली. "नकाशात रेघ इथनंच गेलीय. या हाताला आपण, त्या हाताला माझा वॉर्ड. दहा वर्षं ज्या वॉर्डाचा मी मेंबर, त्यात आता माझंच घर नाही. माझं घर कुठं, तर भीमाचार्यांच्या वॉर्डात."

"घर तर जागच्या जागीच दिसतंय."

"गप बैस."

गेल्या मंगळवारी बेंगळूर कॉर्पोरेशनच्या हापिसाबाहेर वॉर्डांचा नवा नकाशा डकवला होता. हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांत लिहून द्यावी. त्यातले सहा दिवस नरसिंहरावांनी नुसतं चिडण्यात घालवले होते. चिडायला कारणही तसंच होतं. आपल्या मराठी माणसांच्या तिन्ही गल्ल्या, म्हणजे डोळे मिटून मिळणारी मतं, उचलून शेजारच्या वॉर्डाला जोडल्या होत्या. तिथला मेंबर भीमाचार्य, त्यांचा सख्खा साडू. दोघं एकाच पक्षाचे. आता घर एका वॉर्डात, मतं त्याच वॉर्डात, आणि तिकीट एकच. ते दोघांतल्या कुणाला, हा प्रश्न. रस्त्याच्या पलीकडं उरला तो मार्केटच्या अंगाचा भाग, हमालांची आणि विणकरांची दाट वस्ती. ती माणसं आपल्याला ओट देतात की नाही, हे नरसिंहरावांना दहा वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

"भीमाचार्यांनीच केलं हे," ते कट्ट्यावर येऊन बसले. "नकाशा करणाऱ्या साहेबाला दोनदा कॉफीला नेलं होतं म्हणे. घरी येऊ दे आज. विचारतोच."

बिंदुमाधवाचा हात छातीशी गेला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी होती, तीत दोन आकडे होते. कॉर्पोरेशनातल्या एका ओळखीच्या कारकुनाला दोन मसाला दोसे खायला घालून काल त्यानं ते मिळवले होते. ते आकडे वाचल्यापासून त्याला आतल्या आत इतक्या गुदगुल्या होत होत्या, की रात्री त्याला धड झोपही लागली नव्हती. रेघ कुणी ओढली ते त्याला माहीत होतं.

पण ते सांगायचं कसं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि असं त्याच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

स्वयंपाकघरात वसुमतीवहिनी शेगडीवर वांगी भाजत होत्या. अख्खा चातुर्मास घरात वांगं शिरलं नव्हतं. आज खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, मग माणसांना. रोडग्याची बाजरी बेंगळूरला मिळायची मारामार. ती दर वर्षी यल्लाप्पा गावाकडनं आणून द्यायचा. यल्लाप्पा मूळचा बेळगावकडचा, मार्केटात हमालांचा मुकादम, राहायला रस्त्याच्या पलीकडं.

"भाऊजी, माणसं मोजलीत का?" वहिनींनी वर न बघता विचारलं. "तळी उचलायला पाच हात लागतात. हे, तुम्ही, जयतीर्थ, यल्लाप्पा आणि आचार्य. चार जणांनी तळी उचलली, असं या घरात कधी झालं नाही."

"येतील की आचार्य. भरीत आहे म्हटल्यावर."

"आमच्या धाकटीचा, अहल्येचा निरोप आलाय. येतायत. पण तोंड फुगवून येतायत. त्यांचं म्हणणं, रेघ यांनी मारून घेतली. ह्यांना म्हणे त्यांचा वॉर्ड गिळायचाय." वहिनींनी वांगं उलटं केलं. "मी आणि अहल्येनं ठरवलंय. तळी होईपर्यंत वॉर्ड हा शब्द जो काढील, त्याला भरीत नाही."

"आणि मी काढला तर?"

"तुम्हाला वांगंसुद्धा दाखवणार नाही." मग त्या एकदम थांबल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. बावीस वर्षं त्या या दिराला ओळखत होत्या. "खिशात काय आहे?"

"कुठं काय?"

"मघापासून तीनदा हात लावलात. द्या इकडं."

बिंदुमाधवानं चिठ्ठी दिली. वहिनींनी वाचली, एकदा, मग परत एकदा. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की शेगडीवरचं वांगं एका बाजूनं पार काळं झालं. मग हसणं ओसरलं.

"हे त्यांना चारचौघांत कळलं, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्यांना. आचार्यांच्या समोर तर नकोच."

"म्हणूनच तर गप्प आहे ना. नाहीतर मी आणि गप्प?"

वहिनींनी चिठ्ठी घडी घालून परत दिली. "एक ध्यानात ठेवा. एकाचा आकडा सांगाल तर भांडण होईल. सांगायचं झालं तर दोघांचं एका दमात सांगा. नाहीतर कुणाचंच नको."

अकराच्या सुमाराला भीमाचार्य आले. उंच, सडपातळ, गोपीचंदनाच्या मुद्रा अगदी ताज्या. मागून त्यांची बायको अहल्या, हातात डाळ-काकडीच्या कोसंबरीचा डबा. आचार्यांनी चपला काढल्या, पण त्या पायरीवर अशा ठेवल्या, की टोकं बाहेरच्या बाजूला. निघायची तयारी करूनच आलेला माणूस तशा ठेवतो. बिंदुमाधवानं ते बघितलं आणि कुणाचं लक्ष नसताना चपला उचलून तुळशीमागं नेऊन ठेवल्या.

"या आचार्य," नरसिंहराव म्हणाले. "आपल्याच हद्दीत आलात."

"हद्द आखणाऱ्यांना विचारा," आचार्य म्हणाले.

"भावजी," अहल्या मध्ये पडली, "अक्कानं काय सांगितलंय? तो शब्द काढायचा नाही."

"मी कुठं काढला? मी हद्द म्हटलं."

"हद्दही त्यातच आली."

मग अर्धा तास दोघं साडू गटारीवर बोलले, दिव्यांवर बोलले, कुत्र्यांच्या उपद्रवावर बोलले, आणि प्रत्येक वाक्यात तो शब्द ओठांवर येऊन परत गेला. एवढ्यात यल्लाप्पा आला, नवा फेटा बांधून. "काय वो, सगळे गप्प का बसलाईसा? कोण गेलं का?" असं त्यानं विचारलं, आणि जयतीर्थाला, म्हणजे नरसिंहरावांच्या मोठ्या मुलाला, हसू लपवायला आत जावं लागलं.

देवासमोर घोंगडी अंथरली होती. ताटात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या आणि मधोमध पिवळ्याधमक भंडाऱ्याचा ढीग. पाच जण गोल बसले. पाच उजवे हात ताटाच्या काठाला लागले. आता येळकोट म्हणायचं, ताट तीनदा वर न्यायचं, आणि झालं. एवढंच राहिलं होतं.

नरसिंहरावांना तेवढाही दम धरवला नाही.

"थांबा," ते म्हणाले. "देवासमोर खोटं बोलायचं नाही. आचार्य, भंडाऱ्याला हात लावून सांगा. रेघ तुम्ही मारायला लावली की नाही?"

"मी?" आचार्यांनी हात काढून घेतला. ताट एका बाजूला कललं, एक सुपारी गडगडत देव्हाऱ्याखाली गेली. "तुमच्या तिन्ही गल्ल्या माझ्या गळ्यात मारायला लावल्यात आणि वर मलाच विचारता? पुढच्या खेपेला माझं तिकीट कापून तुम्ही उभे राहणार, हे अख्खी चामराजपेट बोलतीय."

"साहेबाला कॉफी कुणी पाजली?"

"त्यानं मागितली म्हणून पाजली. मी दोनदा पाजली, तुम्ही तिसऱ्यांदा पाजलीत."

"चल गं," असं अहल्येला म्हणत आचार्य उठले. अहल्या जागची हलली नाही. आचार्य तरातरा पायरीपर्यंत गेले आणि तिथं उभे राहिले. चपला नव्हत्या. अनवाणी रस्त्यावर जायचं की चपला विचारायला परत आत यायचं, या पेचात ते अडकले, आणि बिंदुमाधवाला कळलं की आता नाही तर कधीच नाही. ताटाजवळ चारच हात होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडं बघून एकदाच मान हलवली.

बिंदुमाधव उठला. कोपऱ्यातलं पंचांग उघडून हातात धरलं, कानावर उदबत्तीची काडी पेन्सिलीसारखी खोचली आणि घसा खाकरला.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?" त्यानं नाकातून विचारलं.

गेल्या माघात खानेसुमारीला, घरोघरची माणसं मोजायला आलेले मास्तर असेच नाकातून बोलायचे. जयतीर्थ खुदकन हसला.

"बिंद्या, ही वेळ आहे का?"

"नाव सांगा. सरकारी काम आहे. बरं, मीच लिहितो. नरसिंहराव. घरात माणसं किती? सात? मास्तर येऊन विचारतात तर अण्णा काय म्हणाले, आठवतंय? धाकट्या अरविंदाची मुंज चार दिवसांवर होती, घरात पाहुणे भरले होते. अण्णा म्हणाले, माझ्या पंगतीला जेवला तो माझ्या घरचा. लिहा. धारवाडची मावशी लिहा, तंजावरचे अकरा जण लिहा, आचारी लिहा. लिहिले की नाही?"

"मग? पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?" नरसिंहराव म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

"आणि वाजंत्रीवाले नऊ. ते मी लिहवले, खोटं कशाला बोलू? चुलत भाऊ म्हणून. सनईवाला सगळ्यात थोरला." त्यानं पान उलटलं. "एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णांनी दारोदार हिंडून वॉर्डाला सांगितलं, मोकळ्या मनानं मोजून घ्या, डोकी जास्त तर नळ जास्त. मग काय. मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा आला, सासरी गेलेली मुलगी आली. गेल्या साली वारलेल्या एका आजोबांनासुद्धा कुणीतरी लिहवलं म्हणतात."

पायरीवर आचार्य हसले. पहिल्यांदाच. नरसिंहरावांचा चेहरा पडला. बिंदुमाधवानं श्वाससुद्धा घेतला नाही, त्याच दमात तो वळला.

"कुटुंबप्रमुखाचं नाव? भीमाचार्य. माणसं किती? नऊ. पण आचार्यांनी मास्तरांना काय सांगितलं? चार. का? तर डोकी मोजली की घरपट्टी वाढणार. आणि आपल्या वॉर्डात निरोप धाडला, जपून सांगा, सरकार उगाच मोजत नाही."

आचार्यांचं हसू मिटलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या वॉर्डानं. मोजलेली माणसं साडेनऊ हजार." त्यानं खिशातली चिठ्ठी काढून भंडाऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. "अण्णांच्या वॉर्डात एकोणीस हजार. नव्या हिशेबानं एका वॉर्डात माणसं बसणार चौदा हजारांच्या आसपास. मग साहेबानं काय केलं? एकाकडं उतू जात होतं ते काढलं, दुसऱ्याकडं कमी होतं तिथं ओतलं. त्याला तुम्हां दोघांचं नातंसुद्धा माहीत नाही. रेघ तुम्ही दोघांनी मिळून ओढलीत. एकानं वाढवून, एकानं चोरून. कॉफी फुकट गेली तिन्ही वेळेची."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"थांबा," अहल्या हळू म्हणाली. "मुंजीच्या वेळी मी इथं आठ दिवस होते. म्हणजे मला कुठं मोजलं?"

"इथं," वसुमतीवहिनी म्हणाल्या. "मीच सांगितलं. पाहुण्यांत सगळ्यात वरती."

"आणि तुम्ही?" अहल्येनं नवऱ्याकडं बघितलं. "चारांत मी होते?"

आचार्य तुळशीकडं बघू लागले. तिथं त्यांना आपल्या चपला दिसल्या. पण आता त्या घालाव्यात असं त्यांना वाटेना.

"म्हणजे सरकारच्या लेखी मी अक्काकडं राहते," अहल्या म्हणाली. "बरंच झालं. इथं भरीत तरी मिळतं."

पहिला यल्लाप्पा हसला, मांडीवर थाप मारून. मग जयतीर्थ. मग वहिनी. नरसिंहरावांनी देव्हाऱ्याखालची सुपारी काढून ताटात ठेवली. मग त्यांनी आचार्यांकडं बघितलं आणि आचार्यांनी त्यांच्याकडं, आणि दोघांनाही एकमेकांच्या चेहऱ्यावर तेच दिसलं, शाळेत एकाच बाकावर पकडलेल्या दोन मुलांच्या चेहऱ्यावर असतं ते.

"या आचार्य," नरसिंहराव म्हणाले. "मास्तर आले त्या दिवशी तुम्हीही जेवलात की इथं. मी तुम्हालाही लिहवलं होतं. तुम्ही माझ्याच घरचे."

"दोनदा वाढून घेतलं होतं," आचार्य आत येत म्हणाले. "दोन माणसं लिहायला हवी होतीत."

पाच हात लागले. ताट वर गेलं. "सदानंदाचा येळकोट" म्हणताना आचार्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तीनदा ताट वर गेलं, तीनदा खाली आलं. भंडारा सगळ्यांच्या कपाळाला लागला, बिंदुमाधवाच्या तर नाकालाही. तो अण्णांनी मुद्दाम लावला होता.

पानं मांडली गेली. पण नरसिंहराव जेवायला बसले तरी हात पानाकडं जाईना.

"आचार्य, तुमच्या वॉर्डात तुम्हीच उभे राहा," ते म्हणाले. "हरकत मी लिहून देणार नाही. चूक माझी आहे."

"तुम्ही थोरले," आचार्य म्हणाले. "तुम्ही राहा. मी थांबतो."

"मग मी कुठं उभं राहू? पलीकडं? माझं घर तिकडं नाही, माझी माणसं तिकडं नाहीत. आपल्या गल्ल्यांच्या जोरावर निवडून येत होतो मी. पलीकडचा कोण देणार मला ओट?"

ते हे थट्टेत बोलत नव्हते. दहा वर्षं त्यांनी पहाटे उठून नळांवर भांडणं मिटवली होती. आता रस्ता ओलांडला की आपण कोणी नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. बिंदुमाधवाला भावाचा तो चेहरा बघवेना, आणि त्यावर करायला त्याच्याकडं एकही खोडी नव्हती.

"मी सांगू काय?" यल्लाप्पानं रोडगा मोडता मोडता विचारलं. "तुम्ही म्हणायलाईसा, डोकी वाढवली म्हणून चुकलं. अर्धी वाढवली असतील, सरी, मान्य. बाकीची?"

"बाकीची काय?"

"आमच्या चाळीत सव्वीस घरं हाईत. आजवर मोजायला कोण आलं नव्हतं. मास्तर कोपऱ्यावरनंच परत जायचा, वास येतोय म्हणून. तुम्ही त्याचा हात धरून आणलासा. दोन दिवस दारोदार फिरवलासा. आमच्या गंगव्वाला मास्तरानं नाव विचारलं, तर ती रडायलीच की वो. म्हणाली, सरकारनं माझं नाव लिहून घेतलं." त्यानं घास भरीतात बुडवला. "ती सगळी खरी डोकी हाईत. त्यांची मतं तुमचीच. तुम्ही विचारायला येत नाहीसा, एवढंच."

नरसिंहरावांनी घास उचलला, तो तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मग उपरण्यानं नाक पुसलं. भरीत तिखट होतं, असं ते म्हणाले.

"पण माझंच मत मला देता येणार नाही," रोडगा मोडत ते म्हणाले. "मी राहणार इकडं."

"तुमचं आणि माझं मत आचार्यांना," वसुमतीवहिनी दही वाढत म्हणाल्या. "आणि आचार्य, आता आमचे मेंबर तुम्ही होणार, तर फाटकासमोरची गटार कधी साफ करताय? पाच वर्षं ह्यांना सांगतीय. म्हणतात, स्वतःच्या घरासमोरचं आधी केलं तर लोक नावं ठेवतील."

"अजून निवडणूक व्हायचीय," आचार्य म्हणाले.

"गटार काय थांबणार आहे तोवर?"

नरसिंहराव हात थांबवून बायकोकडं बघत राहिले. दहा वर्षं लोकांनी त्यांना जेवणावरून उठवलं होतं, अंघोळीतून बोलावलं होतं, देवळात गाठलं होतं. नळ, गटार, दिवा, कुत्रं. दहा वर्षं त्यांनी ऐकून घेतलं होतं. तक्रार करणं म्हणजे काय असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उजाडलं, ते बिंदुमाधवानं अगदी ओळखलं, कारण रोज सकाळी आरशात तो तेच बघत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो कट्ट्यावर आला तर अण्णा आधीच छत्री घेऊन निघाले होते. धुळीतली कालची रेघ चाकांनी पुसून गेली होती. पलीकडं जायच्या आधी एक काम आहे, म्हणून अण्णा दोन गल्ल्या चालत आचार्यांच्या दारात गेले. बिंदुमाधव मागं मागं.

कडी वाजवली. तीनदा. पंचा गुंडाळलेले भीमाचार्य डोळे चोळत बाहेर आले.

"मेंबर आहेत का?" नरसिंहरावांनी अगदी नम्रपणे विचारलं. "आमच्या गल्लीत पाण्याचा थेंब नाही हो."

"थेंब नाही? अरे देवा. थांबा, मी सदरा घालतो, आलोच."

आचार्य आत पळाले. नरसिंहरावांनी छत्री काखेत मारली आणि धाकट्या भावाकडं बघून एक डोळा मिटला. मग दोघं भाऊ घाईनं कोपऱ्यावर वळले, आणि तिकडं त्यांच्याच गल्लीच्या तोंडावरच्या नळाला मनगटाएवढी धार सुरू होती.